दोन वाजताची फेरी

गाय गाभण राहिली की व्यायला सरासरी २८३ दिवस लागतात. वळू जूनच्या पाच तारखेला कळपात सोडले असतील तर मार्चच्या पंधरा तारखेच्या आसपास वासरं व्हायला सुरुवात होणार, एवढं कागदावर सांगता येतं. चारशे गाईंमधली कुठली गाय, कुठल्या रात्री, कुंपणाच्या कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसणार, हे मात्र कागद सांगत नाही. ते बघायला माणसाला जावं लागतं. नेब्रास्कात त्या जाण्याला 'चेक' म्हणतात. मी मनात त्याला फेरी म्हणतो. दर दोन तासांनी एक. रात्री दहा, बारा, दोन, चार. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, रोज.

यातली दोन वाजताची फेरी कुणालाच नको असते. बाराच्या फेरीला माणूस अजून झोपलेला नसतो आणि चारच्या फेरीला सकाळ जवळ आलेली असते. गेल्या मार्चमध्ये दहा रात्री दोनची फेरी माझ्याकडे होती. घरातलं सगळ्यात कमी कळणारं माणूस मी होतो. त्यामुळे मला सांगून ठेवलेलं काम सोपं होतं: बघायचं, आणि काही वेगळं दिसलं तर उठवायचं.

मी पुण्यात इंजिनिअरिंग केलं, तिथेच नोकरी लागली, आणि कंपनीनं अडीच वर्षांपूर्वी ओमाहाला पाठवलं. माझ्या टीममधला एकजण सँडहिल्समधला. त्याच्या आईवडिलांचं तिथे रँच आहे. वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, बर्फात चालायला डॉक्टरांनी मनाई केली, आणि मार्च तर थांबणार नव्हता. मित्रानं सुट्टी टाकली. मी म्हटलं, मीपण येतो. तो हसला. मी आटपाडीकडचा आहे, आमच्याकडे गुरं आहेत, असं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "किती?" मी म्हटलं, "चार." तो पुन्हा हसला, पण म्हणाला, ये.

ओमाहाहून वायव्येला पाच तास गाडी चालवली की सँडहिल्स लागतात. नाव वाळूच्या टेकड्यांचं असलं तरी वाळू दिसत नाही. वाऱ्यानं हजारो वर्षांपूर्वी रचलेल्या या टेकड्या गवतानं जागच्या जागी धरून ठेवल्या आहेत. राज्याचा जवळपास चौथा हिस्सा एवढा हा प्रदेश. नांगर घातला की गवत तुटतं आणि वाळू उडायला लागते. म्हणून इथे पीक नाही, गवत आहे, आणि गवत खाणारी गुरं आहेत. नेब्रास्कात माणसं वीस लाखांच्या आसपास आणि गुरं साठ लाखांच्या आसपास. १९०४ च्या किंकेड कायद्यानं पश्चिम नेब्रास्कात वसायला येणाऱ्याला ६४० एकर जमीन मिळायची. मित्राचे पणजोबा त्यात आले. आमच्या गावात ६४० एकर असलेला माणूस मी पाहिलेला नाही. इथे तेवढ्यावर भागत नाही म्हणून शेजारी विकून गेले, आणि उरलेल्यांची कुंपणं लांब लांब होत गेली.

गाई काळ्या अँगस. या मांसासाठी पाळलेल्या गाई आहेत हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या गाईंची धार कुणी काढत नाही. वासरू सहा-सात महिने आईच्या मागे हिंडतं, मग तोडतात. साधारण अडीचशे किलोचं झालेलं वासरू ऑक्टोबरात विकलं जातं. तिथून ते खुराकाच्या फीडलॉटवर जातं आणि दीड वर्षाच्या आसपास कापलं जातं. कालवडींतल्या निवडक तेवढ्या कळपात ठेवतात. गाईनं वर्षाला एक जिवंत वासरू द्यायचं, हा तिचा आणि मालकाचा करार. ज्या वर्षी ती गाभण राहत नाही, त्या वर्षी तीही जाते.

आता ही फेरी म्हणजे काय ते सांगतो. जुन्या, तीन-चार वेतं झालेल्या गाई लांबच्या कुरणात असतात आणि बहुतेक वेळा आपलं आपण उरकतात. राखण लागते ती पहिल्या वेताच्या कालवडींना. दोन वर्षांच्या, अजून स्वतःच वाढत असलेल्या. अशा सत्तर जणी गोठ्याजवळच्या वाड्यात होत्या. त्यांच्यातून टॉर्च घेऊन हळू चालायचं. घाई नाही, आवाज नाही, डोळ्यांवर उजेड नाही. एखादी कळपातून बाजूला गेली आहे का? शेपटी थोडी उचलून धरली आहे का? उठते-बसते आहे का? स्वतःच्या पोटाकडे वळून बघते आहे का? माकडहाड सुटलंय का, कास भरून सड ताठ झालेत का? हे शब्द माझ्याकडे आधीपासून होते, आज्जीचे. त्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला तिथे शिकावं लागलं.

पहिल्या टप्प्यात कळा सुरू होतात, गाय बेचैन होते आणि हे दोन ते सहा तास चालू शकतं. त्यात काहीही करायचं नसतं. मग पाणमोट दिसते. तिथून घड्याळ सुरू होतं. पुढचे दोन खूर, तळवे जमिनीकडे, आणि त्यांच्यावर टेकवलेलं नाक, पाण्यात सूर मारणाऱ्या माणसासारखं. हे दिसलं तर निघून जायचं. निघून जायचं म्हणजे खरोखर वाड्याबाहेर जायचं, कारण समोर माणूस उभा असला की कालवड दचकते आणि कळा थांबवून उठून उभी राहते. तासाभरात पुढे काही सरकलं नाही, तर मदत.

मित्राचे वडील खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. पहिल्या रात्री त्यांनी मला एवढंच सांगितलं, "लवकर ओढलंस तर अंग पुरतं उघडलेलं नसतं, गाय फाटते. उशीर केलास तर वासरू जातं. मधला वेळ ओळखणं म्हणजे हे काम." मी विचारलं, तो कसा ओळखायचा. ते म्हणाले, "वहीत वेळ लिही. रात्री दोनला तुझी आठवण खोटं बोलते."

प्रत्येकाच्या खिशात एक लाल पुठ्ठ्याची छोटी वही असते. गाईचा नंबर, तारीख, वेळ, वासरू नर की मादी, आपोआप झालं की ओढलं. वासराच्या कानात आईचाच नंबर. गोठ्यात कॅमेरा बसवलाय आणि मित्राच्या फोनवर चित्र दिसतं. शेपटीला बांधायचे सेन्सरही बाजारात मिळतात. आमच्या धंद्यात यंत्र शिटी वाजवतं आणि मग माणूस उठतो. इथे उलटं आहे. गाय बसलेली आहे एवढं कॅमेरा दाखवतो. ती रवंथ करत बसली आहे की कळा सोसत, हे कळायला तिच्या मागे जाऊन उभं राहावं लागतं.

तरीही या कामात डोकं किती लावलेलं आहे ते पाहून मला मजा वाटली. उदाहरणार्थ, चारा. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या गस कोनफल नावाच्या एका पशुपालकाच्या लक्षात आलं, की गाईंना संध्याकाळी उशिरा चारा घातला तर जास्त गाई दिवसा वितात. नंतर संशोधकांनी ते तपासलं आणि बऱ्याच अंशी खरं निघालं. या रँचवरही गवताचे गठ्ठे सूर्य मावळताना सुटतात. त्यानं रात्रीच्या फेऱ्या संपत नाहीत, पण हलक्या होतात.

दुसरं उदाहरण हगवणीचं. वासरं मरण्याचं ते मोठं कारण. नेब्रास्का विद्यापीठाच्या लोकांनी काढलेली त्यावरची युक्ती या प्रदेशाच्याच नावानं ओळखली जाते. रोगाचे जंतू मोठ्या गाईंकडे थोडे असतातच. आधी जन्मलेली वासरं ते पोटात वाढवतात आणि नंतर जन्मणाऱ्या वासरांच्या पायाखाली पसरवतात. म्हणून व्यालेल्या गाई आणि वासरं जिथल्या तिथे ठेवायची आणि उरलेल्या गाभण गाईंना काही दिवसांनी कोऱ्या कुरणात पुढे न्यायचं. पुन्हा तेच. प्रत्येक कुरणात एकाच वयाची वासरं. यात नवं औषध नाही की यंत्र नाही. फक्त कुणी कुणाजवळ असायचं, याचा क्रम बदलला. असं उत्तर सापडलं की आमच्या कामात आम्ही आठवडाभर खूश असतो.

हवेवर मात्र कुणाचा इलाज नाही. मार्च २०१९ मधल्या वादळाबद्दल तिथे अजून हळू आवाजात बोलतात. एका बाजूला हिमवादळ, दुसऱ्या बाजूला गोठलेल्या जमिनीवरून वाहणारा पाऊस, नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं. सगळं ऐन वेताच्या दिवसांत. ओलं वासरू वाऱ्यात तासाभरात गारठतं. मित्राच्या आईनं तेव्हा स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाहुण्यांची खोली, सगळीकडे वासरं ठेवली होती. न्हाणीघरातल्या टबात कोमट पाणी भरून त्यात वासरू बुडवायचं, डोकं हातावर धरून, तोंडात बोट घालून बघायचं. जीभ गार लागली तर अजून धोका आहे. टबच्या कडेला खुराचा एक चरा आहे. तो त्यांनी बदलून घेतलेला नाही.

माझ्या सातव्या रात्री दोनच्या फेरीत एक कालवड कुंपणाला लागून आडवी होती. बाराच्या फेरीत मित्रानं तिच्यासमोर 'बेचैन' असं लिहून ठेवलं होतं. मी टॉर्च खाली धरून पाहिलं. दोन खूर बाहेर होते आणि त्यांचे तळवे आकाशाकडे होते.

तळवे वर म्हणजे दोन शक्यता. वासरू उताणं आहे किंवा पायाळू, मागच्या पायांनी येतंय. मी वेळ लिहिली, २:०७, आणि मित्राला उठवलं. आम्ही तिला हळूहळू गोठ्यात घेतलं. त्यानं खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवला, आत हात घातला आणि डोळे मिटून चाचपत मला सांगत राहिला, मला शिकवावं म्हणून की स्वतःला ऐकू यावं म्हणून, कोण जाणे. "पुढच्या पायाचे पहिले दोन सांधे एकाच बाजूला वाकतात. मागच्याचे विरुद्ध बाजूंना. हे मागचे आहेत. ही शेपटी."

पायाळू वासराची अडचण अशी, की कंबर बाहेर आली की नाळ आईच्या हाडात दाबली जाते आणि डोकं अजून आतच असतं. तिथून पुढे वासराकडे मिनिटं असतात. म्हणजे एका क्षणापर्यंत अजिबात घाई करायची नाही आणि त्या क्षणानंतर अजिबात थांबायचं नाही. त्यानं दोन्ही पायांना साखळ्या लावल्या, सांध्याच्या वर एक फास, खाली अर्धी गाठ, म्हणजे ओढ एका जागी येत नाही आणि हाड मोडत नाही. कालवडीच्या कळेबरोबर ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. खिडकीतला दिवा लागलेला मला दिसला. वडील बर्फातून, काठी टेकत, गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि काही बोलले नाहीत.

कंबर सुटली तेव्हा मित्र म्हणाला, "आता." आम्ही दोघांनी ओढलं. वासरू सगळंच्या सगळं पेंढ्यावर आलं. मोठं होतं. गोऱ्हा. मित्रानं त्याला छातीवर बसवलं, नाकात गवताची काडी फिरवली, म्हणजे शिंक येऊन श्वास सुरू होतो. तोंडातला चिकटा काढला, बरगड्या चोळल्या, कानात गार पाणी घातलं. हृदय काही वेळ चालत होतं, माझ्या हाताखाली. श्वास आला नाही. दहा मिनिटांनी वडील दारातूनच म्हणाले, "पुरे झालं, बाळा." ते 'सन' म्हणाले होते. मला ते मराठीतच ऐकू आलं.

मी वहीत लिहिलं: गोऱ्हा, मृत, ओढला, २:५१.

त्यानंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मित्रानं खिशातून चाकू काढला आणि वासराचं कातडं सोलायला घेतलं. मी टॉर्च धरली होती. कालवड त्याच गोठ्यात, फळीपलीकडे, बारीक आवाजात हुंबरत होती. असा आवाज गाय फक्त नव्या वासराशी करते. मित्रानं कातडं शेपटीसकट सोलून काढलं आणि चार पायांसाठी चार भोकं ठेवली. कोपऱ्यातल्या ऊबदार पेटीत एक दिवसाचं वासरू होतं. जुळ्यांतलं. त्याची आई एकालाच जवळ घेत होती आणि याला लाथा मारत होती. मित्रानं ते ओलं कातडं त्या जिवंत वासराला अंगरख्यासारखं घातलं, सुतळीनं पोटाखाली बांधलं आणि त्याला फळीपलीकडे सोडलं.

कालवडीनं नाक पुढे केलं. तोंडाकडून नाही, मागून, शेपटीशी. मग हुंगली, थांबली, पुन्हा हुंगली. आम्ही तिघं अंधारात उभे होतो. तिनं चाटायला सुरुवात केली. ते लेकरू भुकेलेलं होतं, त्यानं दोन-तीनदा चुकीच्या पायांमध्ये डोकं खुपसलं आणि मग त्याला सड सापडला. मित्राची आई आतून कॉफी घेऊन आली. कुणी काही बोललं नाही. तीन दिवसांनी सुतळी कापली. तोवर कालवडीचं दूध त्याच्या पोटातून फिरलेलं असतं आणि त्यालाच तिचा वास आलेला असतो.

मला गावाकडची एक गोष्ट आठवत होती. वासरू मेलं आणि गाय पान्हा सोडेना, तर काही जण त्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ठेवतात. धार काढताना ते गाईसमोर आणून उभं करायचं. गाय चाटते, दूध सोडते. लहानपणी आमच्या शेजारच्या गोठ्यात मी ते पाहिलंय. खोपटात खुंटीला टांगलेलं, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. कातडं तेच आणि गाईची समजूतही तीच. फक्त ते कुणाच्या अंगावर चढवलंय, ते वेगळं.

आता वाचणाऱ्यांच्या मनात असलेल्या प्रश्नाकडे येतो. मला तो प्रत्येकानं विचारला आहे. कापायच्या जनावरासाठी रात्र रात्र कसलं जागायचं? मी बीफ खात नाही. त्या घरात मला ते कुणी वाढलंही नाही. मित्राची आई रोज माझ्यासाठी अंडी आणि राजमा करायची आणि त्याबद्दल बोलायची नाही. पण मी त्या घरात राहिलो, त्या कामावर राबलो, आणि त्या वासरांचं पुढे काय होणार ते मला माहीत होतं. ते त्यांनाही माहीत असतं. मित्राच्या वडिलांना मी एकदा विचारलं, की इतकं करून ऑक्टोबरात ट्रक येतो तेव्हा काय वाटतं. ते म्हणाले, "ट्रक येतो त्या दिवशी मला माहीत असतं, की जेवढं द्यायचं तेवढं दिलंय. ज्या वर्षी तसं नसतं, त्या वर्षी झोप येत नाही." हे उत्तर पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. पण ते सबबीसारखं वाटलं नाही. आणि पैशाचं काय ते त्यांनी लपवलंही नाही. जिवंत वासरू म्हणजे ऑक्टोबरचा चेक. मेलेलं वासरू म्हणजे वर्षभर फुकट पोसलेली गाय.

रविवारी गावी व्हिडिओ कॉल केला. आज्जीला मी गोठा दाखवला, वासरं दाखवली. आठ हजार मैलांवरून तिनं एका गाईची कास बघून सांगितलं, ही उद्या वितीया. (परवा व्याली.) मग तिनं विचारलं, "चिकाचं काय करत्यात? खरवस करत्यात का?"

मी सांगितलं, की नाही, सगळा चीक वासरालाच. गाईची वार अशी असते की वासराला पोटात असताना आईची रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती चिकातूनच मिळते, आणि आतडं ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेतं. म्हणून पहिल्या काही तासांत वासरू प्यायलं की नाही हे बघणं हा फेरीचा अर्धा भाग. नसेल प्यायलं तर बाटलीनं नाहीतर नळीनं पाजायचं. आणि नंतरही धार काढतच नाहीत, आज्जी. सगळं दूध वासराचं.

आज्जी जरा थांबली. "म्हंजे वासराला प्वाटभर मिळतंय," ती म्हणाली.

एवढंच. पण हे ती ज्या गोठ्यात उभी राहून म्हणाली, तो मला माहीत आहे. आमच्या घरी पूर्वी खिलार होती. खरसुंडीच्या यात्रेतनं आणलेली बैलजोडी आजोबांनी मुलांसारखी सांभाळली. तेव्हा गोऱ्हा झाला की घरात पेढे असायचे, कारण गोऱ्ह्याचा बैल होतो. मग ट्रॅक्टर आला आणि दूध संघाच्या गाडीच्या वेळेवर घर चालायला लागलं. आता गोठ्यात चारही संकरित गाई आहेत. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, ऊन सोसत नाही, औताला उपयोग नाही. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू कापण्यावरही बंदी आहे, म्हणून बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तो जन्मतो, पान्हा फुटावा म्हणून दोन मिनिटं सडाला लावला जातो, ओढून बाजूला बांधला जातो. मग कधीतरी तो नसतो. त्याचं काय झालं हे आमच्याकडे कुणी विचारत नाही आणि सांगत नाही. वसुबारसेला आम्ही गाय-वासराची पूजा करतो, आणि पाटावरच्या रांगोळीत वासरू असतंच.

ऑक्टोबरात मित्रानं विक्रीची एक्सेल शीट पाठवली. ते कातडं पांघरलेलं वासरू त्या ओळींमध्ये होतं, नव्या आईच्या नंबरासह, ५४८ पौंड. मी तो आकडा किलोत करून पाहिला. २४८ किलो आणि थोडे ग्रॅम. शीट बंद केली.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा गोठ्यात महिन्याभराचा एक गोऱ्हा होता. बरगड्या मोजता येत होत्या. मी नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, काही बोललो नाही. पण माझ्या बघण्यातनं त्यांना कळलं असावं. रात्री जेवणं झाल्यावर ते ओट्यावर बसले आणि आपण होऊन हिशेब मांडला. "दिसाला चार लिटर प्याला तर तीन म्हैन्यात साडेतीनशे लिटर. तीस-बत्तीस रुपयानं किती झालं? तू इंजिनिअर हायस." मी म्हटलं, अकरा हजारांच्या वर. "आन् तीन म्हैन्यानं? म्होरं वीस वरीस त्याला बांधून चारायचा कुणी? तुझ्या त्या माणसाला वासरू इकता येतंय, म्हणून त्यो जागतोय. त्याचं वासरू इकू देऊ नका, बगू किती दिस जागतोय."

मी आकडे तपासले. सवयच आहे. त्यात चूक सापडली नाही. आता नाना गाय भरवताना नव्वद टक्के कालवडच होईल अशी कांडी मागतात. महाग पडते, दर वेळी मिळत नाही, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत गोऱ्हा होतोच. आज्जी मात्र धार काढताना अजून एक सड सोडते. नानांना ते माहीत आहे. बादलीत दूध कमी का, असं ते तिला विचारत नाहीत. महिन्याभराचा तो गोऱ्हा जिवंत होता, तो त्या एका सडावर.

निघायच्या आदल्या दिवशी मी नानांना फोनवरचा एक व्हिडिओ दाखवला. साखळीचा फास कुठे, अर्धी गाठ कुठे, कळेबरोबर कसं ओढायचं, कंबर सुटली की कसं थांबायचं नाही. आमच्याकडे डॉक्टर यायला उशीर झाला की गावातली चार माणसं सोलाच्या दोरानं ओढतात. दोर काचतो आणि बऱ्याचदा वासराच्या पायाला जखम होते. नानांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मध्येच थांबवून गाठ कशी बसते ते सुतळीच्या तुकड्यावर करून पाहिलं. त्यांचे हात माझ्यापेक्षा लवकर शिकले.

"ह्या साखळ्या तिकडं कितीला मिळत्यात?" त्यांनी विचारलं.

मी किंमत सांगितली. फार नव्हती.

"घिऊन ये म्होरल्या बारीला. दोन जोड्या आण."

आज्जी आतून म्हणाली, "गोऱ्ह्याला बी लावशील का रं त्या साखळ्या?"

नाना सुतळीची गाठ सोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"वडताना कुठं कळतंय आई, कालवड हाय का गोऱ्हा हाय."